मास्तरांच्या रक्तातला आकडा

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे, म्हणून ती मास्तरीणबाई. तिला स्वतःला गाडीतलं ओ की ठो येत नव्हतं. ती शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचं मशीन होतं आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी तिथे आखूड होऊन गेल्या होत्या. कुणाच्या कोटाचं अस्तर, कुणाच्या बॅगेची चेन, वाढत्या मुलांचे उसवलेले खिसे. हात असा साफ, की दुरुस्ती कुठे झाली ते घालणाऱ्यालाही सापडू नये. पण तिला कुणी शिवणवाल्या बाई म्हटलं नाही. नवरा मास्तर, तर बायको मास्तरीण, इतका साधा हिशोब.

मास्तरांच्या गाडीत दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक मास्तरांच्या. घरात एकच होता आणि तोही मास्तरांच्याच पायाखाली. भात मऊ झाला तर बोलणार, मोकळा झाला तर बोलणार. टॉवेल जागेवर असला तर विचारणार, वाळला होता का नीट. गाडीत शिकाऊ माणूस गिअर चुकला की ते म्हणायचे, "डोकं घरी ठेवून आलास का?" तीच सवय घरातही होती, आणि ती बिचारी तर घरीच असायची. हात त्यांनी कधी उचलला नाही. हे ते स्वतःच चारचौघांत सांगायचे, जणू त्याबद्दल कुणीतरी त्यांना शाल पांघरवायला हवी होती.

लग्नानंतर काही वर्षांनी एकदा त्यांनी तिला गाडी शिकवायला घेतली होती. तिने तीनदा गाडी बंद पाडली. मागच्या सीटवर दुसरा विद्यार्थी बसला होता. त्याच्याकडे वळून मास्तर म्हणाले, "बघून ठेव, गाडी कशी चालवू नये." ती दार उघडून उतरली आणि चालत घरी आली. त्या विषयावर दोघं पुन्हा बोलली नाहीत. मुलगी मोठी झाली, शिकली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली आणि बापाला लांबूनच हात करून गेली.

साठी ओलांडल्यावर मास्तरांना लघवीचा त्रास सुरू झाला. वयाचं असेल म्हणून वर्षभर अंगावर काढलं. मग रक्त तपासलं, मग तुकडा काढून तपासला, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पसरलेला नाही, ऑपरेशन करून ग्रंथी काढून टाकू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. बाईमाणूस, तेही आपल्या मुलीच्या वयाची, असले आजार बघते म्हणून मास्तर आधी नाक मुरडत होते. पण तिच्यापुढे बसले की मात्र शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसायचे.

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्याच्या त्या मागून उघड्या झग्याच्या नाड्या बांधायला ती पाठीशी उभी होती. नाड्या कुणीतरी फार घाईत शिवल्या होत्या, एक तर निघायलाच आली होती. ती दोऱ्याकडे बघत असताना मास्तर म्हणाले, "मी तुला फार बोललो गं. सगळा जन्म बोललो. यातून उठलो ना, तर बघशील."

तिने मागितलं नव्हतं. तीस वर्षांत तिने असं काही ऐकलं नव्हतं आणि ऐकेन असं वाटलंही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आधी उठा तर."

पण ते शब्द तिने जपून ठेवले. बाहेर बाकावर बसून ऑपरेशन संपायची वाट बघताना ती तेच मनात घोळवत होती. नवरा मरेल या भीतीच्या जोडीला तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती, आणि ती आशा होती, हे तिला पुढे फार दिवसांनी कबूल करावं लागलं.

मास्तर उठले. नळी लागली, नळी निघाली. मग गळती सुरू झाली. खोकला आला की, खुर्चीतून उठलं की, हसलं की कपडे ओले. दुकानातले पॅड त्यांना टोचायचे, म्हणून तिने जुन्या मऊ चादरी फाडून त्यांच्या घड्या शिवल्या, आत पाणी न झिरपणारं कापड घातलं, कडेला टीप मारली. मास्तर मुकाट्याने वापरायचे. कधीकधी म्हणायचे, बरं झालं तुला शिवता येतं. तिला तेवढ्यावर दिवस जायचा.

दीड महिन्याने रक्त दिलं. डॉक्टरबाईंनी समजावलं की हा पीएसए नावाचा पदार्थ बहुतेक करून ती ग्रंथीच बनवते. ग्रंथीच काढून टाकली, तर रक्तात तो सापडायला नको. म्हणजे कारखाना पाडला, की बाजारात त्याचा माल दिसायला नको. दिसला, तर कुठेतरी चोरून उत्पादन चालू आहे असं समजायचं. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी बघायचं, मग दर सहा महिन्यांनी, आणि पुढे बघतच राहायचं.

मास्तरांच्या रक्तात माल सापडला नाही. आकडा इतका खाली, की मोजणाऱ्या मशीनलाही पकडता येईना. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, छान. टॅक्सीतून घरी येताना मास्तर पुढे बसले आणि टॅक्सीवाल्याला गिअर कधी बदलावा ते सांगायला लागले. मागे बसलेली ती गालातल्या गालात हसली. म्हणजे बरे झाले, असं तिला वाटलं.

आठ दिवसांत जुने मास्तर व्याजासकट परत आले. आधी भात होता, टॉवेल होता. आता पॅडही आले. शिवण टोचते, घडी जाड झाली, पातळ झाली. एकदा तिने धुतलेल्या घड्या बाहेरच्या दोरीवर वाळत घातल्या, तर मास्तरांनी त्या ओल्याच ओढून आत आणल्या आणि तिच्या मशीनवर टाकल्या. गावभर दवंडी पिटतेस का, म्हणाले. मशीनवर एका शाळामास्तरणीचा रेशमी झगा होता, त्याला डाग पडले. त्यानंतर घड्या न्हाणीघरातच वाळू लागल्या आणि तिथे कायमचा कुबट वास राहिला.

आणखी एक गोष्ट होती, तिचं नाव त्या घरात कुणी काढलं नाही. ऑपरेशननंतर मास्तरांना पुरुषासारखं जवळ येता येईना. डॉक्टरबाईंनी आधी सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या, उपयोग झाला नाही. तिला त्याचं फारसं दुःख नव्हतं. पण तिला दुःख नाही याचाच मास्तरांना राग यायचा. बोलायचे मात्र भातावरून.

मास्तरांची मोठी बहीण, म्हणजे तिच्या वन्सं, भेटायला आल्या. भावाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकून त्या कौतुकाने म्हणाल्या, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. पण आवाज आहे तोवर घर आहे बघ." तिने मान हलवली आणि त्यांच्या पुढ्यातली ताटली उचलली.

असं अडीच वर्षं चाललं. या काळात तिच्या एक गोष्ट लक्षात यायला हवी होती. कापडाला नुसता हात लावून त्याचा पोत सांगणारी बाई, पण हे तिला उशिरा कळलं. रक्त द्यायचा दिवस जवळ आला की मास्तर मऊ पडायचे. हातात काही मागायचे नाहीत, स्वतः उठून घ्यायचे. अगं, जेवलीस का, असं विचारायचे. रिपोर्ट आला, शून्य निघालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच घासाला भात चुकलेला असायचा. ती समजायची, चिंतेने गप्प होते, चिंता मिटली. इतकंच.

मग एकदा आकडा आला पॉइंट एक.

डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढ्यावरून घाबरायचं नाही, मशीनमध्येही उन्नीस-बीस होतं, तीन महिन्यांनी परत बघू. त्या संध्याकाळी मास्तरांनी आपल्या घड्या स्वतः धुतल्या. दोन दिवसांनी ते तिच्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. मशीन खडखडतंय, म्हणाले. आता पुढचं वाक्य काय येणार, म्हणून ती मान खाली घालून बसली. पण मास्तरांनी स्टूल ओढलं, शटल उघडलं, आत दाटलेला दोऱ्यांचा भुसा चिमट्याने काढला, तेलाचे थेंब सोडले. "आता चालव," म्हणाले. मशीन लोण्यासारखं चालायला लागलं. मास्तर तिथेच बसून राहिले आणि तिची टीप बघत म्हणाले, "सरळ कशी येते गं तुझी रेघ? आमची पोरं पांढऱ्या पट्ट्यावरसुद्धा गाडी सरळ ठेवत नाहीत."

तीन महिन्यांनी आकडा पॉइंट दोनच्या वर गेला. तो पक्का करायला पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा आणखी थोडा वर. आता शंकेला जागा नव्हती. आजार परतला होता. कुठे ते कुणालाच दिसत नव्हतं. स्कॅन काढला, तो स्वच्छ. एवढ्या लहान आकड्याला स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. अंगात काही दुखत नाही, वजन घटत नाही, भूक लागते, झोप येते, आणि रक्तातला दशांश चिन्हानंतरचा एक आकडा सांगतो की आत काहीतरी जिवंत आहे. मास्तरांना ते समजायचं नाही. गाडी बिघडली तर आवाज येतो, धूर येतो, म्हणायचे. ही कसली बिघाडाची तऱ्हा?

पण ते महिने. त्यांच्याबद्दल ती पुढे कुणाशी फारसं बोलली नाही, कारण सांगायला गेलं तर काहीच नव्हतं. मास्तर चहा करायला शिकले. आधी कडू करायचे, मग बरा करायला लागले. तिचं काम चालू असताना सुईत दोरा ओवून द्यायचे. चष्मा कपाळावर, जीभ दातांत. गिऱ्हाईक आलं की, या, बसा, म्हणायचे. आणि एका दुपारी गाडीची किल्ली तिच्यापुढे धरून म्हणाले, येतेस का?

गावाबाहेर एक रुंद रस्ता होता. वसाहत व्हायची होती, झालीच नाही, रस्ता तेवढा राहिला. तिथे त्यांनी तिला क्लच म्हणजे काय ते दाखवलं. पाय हळू सोड, गाडी स्वतः सांगते कधी निघायचं ते. तिने गाडी बंद पाडली. तिचे खांदे आपोआप वर गेले. मास्तर म्हणाले, "घाई नाही. गाडी काय पळून जात नाही." पुन्हा बंद पडली, पुन्हा तेच म्हणाले. चौथ्या दिवशी ती तिसऱ्या गिअरपर्यंत गेली. खिडकीतून वारा आत येत होता, आणि इतकी वर्षं आपण या माणसाच्या शेजारी बसलो तेव्हा पोटात जो एक गोळा असायचा तो आज नाही, हे तिला त्या वाऱ्यात कळलं.

परतताना गाडी कडेला लावून मास्तर आपल्या वडिलांबद्दल बोलले. ते फार ओरडायचे, म्हणाले. जेवताना ओरडायचे. आई ताट वाढून दाराआड उभी राहायची. इतकं बोलून त्यांनी गाडी सुरू केली. दोघं घरी आली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त द्यायचं होतं. एका बाईचा स्कर्ट शिवता शिवता तिच्या मनात आलं, आकडा खाली यायला नको.

मशीन थांबलं. आपल्याच मनात कुणी परकं माणूस येऊन बोलून गेलं असं तिला वाटलं. ती उठली, तोंडावर पाणी मारलं, परत येऊन बसली आणि तो स्कर्ट तिने संध्याकाळपर्यंत दोनदा उसवून दोनदा शिवला. पण विचार तिथेच होता. सुई एकदा कापडातून गेली की दोरा ओढून काढला तरी भोक राहतंच.

आकडा खाली आला नाही. डॉक्टरबाईंनी दोघांना बसवून सांगितलं की आता रेडिएशन देणं बरं. ग्रंथी होती त्या जागेवर किरण द्यायचे, जोडीला हार्मोन दाबणारी इंजेक्शनं. आकडा लहान आहे तोवर दिलं तर गुण येण्याची आशा जास्त. त्रास होईल, गळती वाढू शकते, अंगातून वाफा आल्यासारखं होईल, रडू येईल. पण बरे होऊ शकता.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "तू सांग," म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला काही ठरवायला सांगितलं होतं. ती गप्प बसली. इतका वेळ, की डॉक्टरबाईंना वाटलं हिला कळलं नसावं, म्हणून त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिला सगळं कळलं होतं. न देऊन बघू, थोडं थांबू, असं ती म्हणाली असती तर मास्तरांनी ऐकलं असतं. किरणांची त्यांना भीती होतीच. आणि आकडा हळूहळू चढत राहिला असता. अशी माणसं पुष्कळ वर्षं जगतात, हे डॉक्टरबाईच मघाशी बोलून गेल्या होत्या.

"करून टाका," ती म्हणाली.

सात आठवडे सुट्टीचे दिवस सोडून रोज जावं लागलं. जायच्या आधी भरपूर पाणी प्यायचं, ते पोटात धरून ठेवायचं, आणि ज्या माणसाला थेंब धरवत नाही त्याने मशीनखाली निश्चल पडायचं. मास्तर दोनदा तिथेच भिजले. इंजेक्शनांनी त्यांना दरदरून घाम फुटायचा, मग थंडी वाजायची. बातम्या बघताना रडायचे. ती पंख्याची दिशा बदलायची, चादर बदलायची. मास्तर तिचा हात धरून म्हणायचे, तू होतीस म्हणून. त्या दिवसांत ती एवढी थकायची की उभ्या उभ्या डोळे मिटायचे, आणि तरी ते दिवस संपू नयेत असं तिला वाटायचं.

संपले. मधल्या दोन तपासण्यांना आकडा घसरला. पण इंजेक्शनांनी तो दबतोच, तेव्हा त्यावर विसंबू नका, असं डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं. इंजेक्शनं थांबल्यावर बरेच महिने गेले, अंगातल्या वाफा गेल्या, आणि मग ज्याला खरा म्हणता येईल असा रिपोर्ट यायचा होता. तो तिच्या मोबाइलवर यायचा, कारण स्वतः उघडून बघायचं मास्तरांना धैर्य नव्हतं.

दुपारची वेळ. मास्तर आत चहाचं आधण ठेवत होते. मोबाइल वाजला. तिने उघडलं. मशीनला पकडता येत नाही इतका कमी.

मोबाइल तिने मांडीवर उलटा ठेवला. आतून कपांचा आवाज येत होता. साखर किती, मास्तरांनी विचारलं. नेहमीसारखी, ती म्हणाली. मास्तर दोन कप घेऊन आले, तिचा तिच्या हातात दिला, स्वतः स्टुलावर बसले. आज बरा झालाय का, विचारलं. ती म्हणाली, छान झालाय. आणि तिने तो चहा प्यायला. घोट घोट, गार होईपर्यंत. एकदाच, फक्त एकदाच तिच्या मनात आलं की वाढलाय म्हणून सांगावं. त्या घरात रिपोर्ट उघडून वाचायचं धैर्य तर तिलाच होतं.

कप खाली ठेवून तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

मास्तरांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं. मग त्यांचं लक्ष वरच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे गेलं.

"हा केव्हा आला?"

"मघाशी."

"मघाशी म्हणजे? आणि तू अशीच बसून राहिलीस? मी इकडे जीव मुठीत धरून बसलोय, आणि तू चहा पितेस? डोकं आहे का तुला?"

वाईट हे, की या खेपेला त्यांचं चुकत नव्हतं.

त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर दोघं एकदाच गेली. तिने दुसरा गिअर टाकला आणि मास्तर ओरडले. ती उतरली नाही. गाडी वळवली, हळूहळू घरापर्यंत आणली, नीट लावली, किल्ली खुंटीला अडकवली. लायसन्स तिने काढलंच नाही.

लेक भेटायला आली ती केक घेऊन. बापाने कापला, शेजारच्यांना वाटला, आपण कसं कॅन्सरला लोळवलं ते सांगितलं. आजार काही नसतो, मनाची हिंमत लागते, म्हणाले. ते बाहेर गेल्यावर लेक आईच्या मशीनपाशी बसली आणि बाबा आता खुश दिसतात म्हणाली.

आईने टीप संपवली, दोरा दाताने तोडला. "मला तो आकडा वाढलेला हवा होता," ती म्हणाली.

लेक बघतच राहिली. असं बोलतं का कुणी, म्हणाली. केकचा तुकडा तिने ताटलीत बारीक बारीक कुस्करला. मग हळूच म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी बाबा मला रोज संध्याकाळी फोन करायचे. काय जेवलीस विचारायचे. रिपोर्ट चांगला आला आणि फोन बंद झाले. मला वाटायचं, माझंच काही चुकलं."

मग लेक म्हणाली, माझ्याकडे चल, सोड त्यांना.

"काय सांगून सोडू?" आई म्हणाली. "पीत नाहीत, मारत नाहीत. लोक विचारतील, इतकी वर्षं राहिलीस, आजारपण काढलंस, आणि आता का? तर काय सांगू, बरे झाले म्हणून?"

ती गेली नाही. पण महिन्याभरात तिने कोपऱ्यावर, इस्त्रीवाल्याच्या बाजूची एक अरुंद खोली घेतली आणि मशीन तिकडे हलवलं. मास्तरांनी आकाशपाताळ एक केलं. बायकोला पोसता येत नाही असं लोक म्हणतील, म्हणाले. ती ऐकून घ्यायची, सकाळचा स्वयंपाक करून ठेवायची आणि निघायची. संध्याकाळी परत यायची, वाढायची, भांडी घासायची. बोलणी खायची ती तेवढ्या वेळापुरती. दर सहा महिन्यांनी रक्त द्यायला मात्र बरोबर जायची. दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या बायका तिला म्हणायच्या, तुमचे यजमान किती ठणठणीत दिसतात. ती हो म्हणायची.

खोलीत तिचं बरं चाललं. इस्त्रीवाल्याच्या गरम कपड्यांचा वास भिंतीतून यायचा, तो तिला आवडायचा. गिऱ्हाईक वाढलं. हळूहळू तिच्या हे लक्षात आलं की दुपारी काम करता करता ती गुणगुणते. घराच्या पायरीपाशी ते आपोआप थांबायचं.

काही वर्षं अशीच गेल्यावर आकडा पुन्हा चढला, आणि या वेळी थांबत थांबत नाही. पॉइंट तीन, मग लगेच त्याच्या दुप्पट. स्कॅनमध्ये या खेपेला हाडावर एक ठिपका दिसला. डॉक्टरबाई, आता त्यांचेही केस कानाशी पांढरे झाले होते, म्हणाल्या की आता पूर्ण घालवता येणार नाही, दाबून ठेवता येईल. इंजेक्शनं कायमची. बरीच वर्षं काढतात लोक. मास्तर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते. तिने गोळ्यांच्या वेळा नीट विचारून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी भर सकाळी मास्तर तिच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते तिथे एकदाही आले नव्हते. आत एक बाई कोटाच्या बाह्या आखूड करायला आली होती. मास्तर बाहेरच थांबले. ती बाई माप देऊन बाजूला बसली, तेव्हा आत येऊन हळू आवाजात म्हणाले, "जरा बसू का इथे?"

तिने स्टुलावरचे कपडे उचलून बाजूला ठेवले. मास्तर बसले. खोलीभर नजर फिरवली. छान ठेवलंयस सगळं, म्हणाले. घरी एकट्याला बसवत नाही, म्हणाले. मग तिच्याकडे न बघता बोलले, "मी तुला फार—"

"गोळी घेतली का सकाळची?" तिने विचारलं.

त्यांनी मान हलवली. घेतली होती.

"मग झालं. दुपारची मी आणलीय बरोबर, इथेच घ्या."

ती बाह्या उसवायला लागली. उसवता उसवता तिने आत चाचपून पाहिलं. राग असेल असं तिला वाटलं होतं, तो नव्हता. पॉइंट एकच्या दिवसांतली ती वेडी माया तरी असेल, तीही नव्हती. समोर एक म्हातारा घाबरलेला माणूस बसला होता. त्याला वेळेवर औषध द्यायला हवं, त्याचे कपडे कोरडे राहायला हवेत, त्याला पडू द्यायचं नाही. हे सगळं ती करणार होती आणि नीट करणार होती. त्यापलीकडे त्याला द्यायला तिच्याजवळ काही शिल्लक नव्हतं. आणि मास्तरांना नेमकं ते पलीकडचंच हवं होतं, हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं.

"रागावली आहेस का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. ते खरं होतं, आणि मास्तरांना ते कळलं. त्यांची मान खाली गेली.

मग ते रोज यायला लागले. स्टुलावर बसायचे, गिऱ्हाइकांना या म्हणायचे, खाली पडलेल्या टाचण्या वाकून वेचायचे. वन्सं म्हणाल्या, बघ, शेवटी खोड गेली. गल्लीत बोललं जायचं की या वयातही किती जोडीने असतात दोघं. ती कोटवाली बाई कोट न्यायला आली, तेव्हा मास्तरांकडे कौतुकाने बघत म्हणाली, "मास्तरीणबाई, नशीब काढलंत तुम्ही. आमच्याकडे पाण्याचा पेला उचलायला कुणी नाही."

तिने कोट झटकला, बाईच्या हातात दिला आणि म्हणाली, आतल्या आरशापुढे घालून बघा, डावी बाही जरा लांब वाटतेय का ते.